शहाजीराजे : दोन मुलखांत विभागलेले एक घर

१

मराठी इतिहासलेखनात शहाजीराजे भोसले यांच्या वाट्याला एक चमत्कारिक स्थान आले आहे. त्यांचे नाव प्रत्येकास ठाऊक असते. परंतु ते बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी नावाला जोडूनच उच्चारले जाते. ते शिवछत्रपतींचे पिता, जिजाबाईंचे पती आणि विजापूरकरांचे एक मातब्बर सरदार. स्वतः शहाजी म्हणून त्यांच्याकडे पाहण्याची सवय आपल्या वाचकवर्गाला फारशी लागलेली नाही.

अशा स्थितीत त्यांच्याविषयी दोन ठरीव मते रूढ झाली. पहिल्या मतानुसार शहाजीराजे हे काळाच्या प्रवाहाबरोबर वाहणारे सरदार होते. निजामशाही, आदिलशाही आणि मोगल अशा तिन्ही दरबारांची चाकरी त्यांनी केली, आणि अखेरीस पत्नी व धाकटा पुत्र यांना पुण्यास ठेवून दूर कर्नाटकात दुसरा संसार थाटला. दुसरे मत याच्या नेमके उलट आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’ला १९२२ मध्ये जी प्रदीर्घ प्रस्तावना जोडली, तिच्यापासून या मताला बळ आले. त्यानुसार शहाजीराजे हे स्वराज्याचे मूळ संकल्पक ठरतात आणि पुत्राने जे घडविले त्याचा आराखडा पित्याने आधीच आखलेला होता असे मानले जाते.

ही दोन्ही मते एकमेकांविरुद्ध दिसत असली तरी त्यांच्यात एक साम्य आहे. दोन्ही मते १६७४ च्या राज्याभिषेकाच्या चौथऱ्यावर उभी राहून मागे पाहतात. एकाला शहाजीराजे त्या चौथऱ्यापासून दूर दिसतात, दुसऱ्याला जवळ. पण अंतर मोजले जाते ते तेथूनच. त्यांच्या स्वतःच्या काळात ते ज्या मापाने मोजले गेले असते ते माप निराळे होते. धनी बदलले, मुलूख बदलला, किल्ले आले आणि गेले. या सर्व उलथापालथीत त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले ते काय, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर ‘घर’ या जुन्या मराठी शब्दात सापडते. त्या काळी घर म्हणजे चार भिंती आणि चूल एवढेच नव्हते. घर म्हणजे कूळ, वतन, सोयरीक, पदरचे लोक आणि नावाची अब्रू या सर्वांचा एकत्र संसार. शहाजीराजांचे चरित्र हे अशा एका घराचे चरित्र आहे; आणि ते घर सह्याद्रीच्या कुशीपासून कावेरीच्या मुखापर्यंत कसे पसरले व कसे विभागले, हीच त्यातील मुख्य कथा होय.

२

भोसल्यांचे घर शहाजीराजांना वारशाने मिळाले ते फार मोठे नव्हते. वेरूळकडील पाटीलकी आणि निजामशाहीतील चाकरी यांच्या बळावर मालोजी आणि विठोजी या दोघा भावांनी ते उभे केले होते. मालोजींची पत्नी उमाबाई ही फलटणच्या नाईक निंबाळकरांची. अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराच्या कृपेने पुत्रलाभ झाला म्हणून मालोजींच्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी अशी ठेवली गेली, ही परंपरा प्रसिद्धच आहे. इंदापूरच्या लढाईत मालोजी पडले, आणि पोरक्या झालेल्या पुतण्यांना चुलते विठोजी यांनी वाढविले.

शहाजीराजांचा विवाह सिंदखेडच्या लखुजी जाधवांची कन्या जिजाबाई हिच्याशी झाला. देवगिरीच्या यादवांशी नाते सांगणारे हे घराणे निजामशाहीतील पहिल्या प्रतीचे. या सोयरिकीने भोसल्यांचा मान वाढला, पण सुख वाढले असे म्हणता येत नाही. दरबाराबाहेर खंडागळे यांचा हत्ती उधळला आणि त्या गोंधळात जाधव-भोसले यांच्यात तलवारी चालल्या; लखुजींचा पुत्र दत्ताजी आणि विठोजींचा पुत्र संभाजी असे दोन्ही घरचे दोन तरुण त्यात मारले गेले. कवींद्र परमानंदांनी ‘शिवभारता’त हा प्रसंग सविस्तर वर्णिला आहे. पुढे लखुजी मोगलांना मिळाले. १६२४ मध्ये भातवडीच्या रणांगणावर मलिक अंबराने मोगल आणि आदिलशाही यांच्या संयुक्त फौजांचा पराभव केला, तेव्हा जावई अंबराच्या बाजूने लढत होता आणि सासरा मोगलांच्या छावणीत होता. त्याच लढाईत शरीफजी कामी आले.

आजच्या वाचकाला ही स्थिती अस्वाभाविक वाटते; त्या काळातील माणसांना ती तशी वाटत नसे. एकाच घराण्याची माणसे वेगवेगळ्या पातशाह्यांत असणे हे काही अंशी संकट होते, तर काही अंशी विमाही होता. एक पातशाही बुडाली तर घर बुडू नये, ही त्यामागची व्यवहारी दृष्टी होय. पण या विम्याचा हप्ता रक्ताने भरावा लागे. जुलै १६२९ मध्ये दौलताबादेस निजामशहाच्या दरबारात लखुजी जाधव आपल्या पुत्रांसह दग्याने मारले गेले. जिजाबाईंचे माहेर एका दिवसात उजाड झाले. आधी वैर जडलेल्या त्या सासऱ्याच्या हत्येनंतर शहाजीराजांनी निजामशाही सोडली. सोयरिकीचे बंधन वैरापेक्षा चिवट ठरले, असा या घटनेचा अर्थ घेता येतो.

१६२५ ते १६३६ या अकरा वर्षांतील त्यांच्या हालचाली ओळीने मांडल्या म्हणजे चंचलतेचा आरोप का होतो हे कळते. मलिक अंबराशी बिनसल्यावर आदिलशाहीत. १६२८ मध्ये पुन्हा निजामशाहीत. १६३० मध्ये पाच हजारी मनसब घेऊन मोगलांकडे. १६३२ मध्ये मोगलांपासून अलग. यांतील शेवटच्या बदलाचे कारण विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. जो मुलूख मोगलांनी शहाजीराजांना लावून दिला होता, तोच त्यांनी मलिक अंबराचा पुत्र फत्तेखान शरण येताच त्याला परत दिला. ज्या धन्याने दिलेला मुलूख दोन वर्षांत काढून घेतला, त्याचा आणि आपला करार संपला, असे शहाजीराजांनी मानले. १६३३ मध्ये त्यांनी पेमगिरीवर निजामशाही वंशातील मुर्तझा या बालकास गादीवर बसविले आणि तीन वर्षे त्याच्या नावाने राज्य चालविले. अखेर १६३६ मध्ये माहुलीच्या वेढ्यात त्यांना हार पत्करावी लागली, बालराजा मोगलांच्या स्वाधीन करावा लागला, आणि ते आदिलशाहीच्या सेवेत आले.

या धकाधकीत घराची व्यवस्था मात्र ते विसरले नाहीत. मोगलांकडे जाण्यापूर्वीच्या अस्थिर दिवसांत थोरला पुत्र संभाजी याचा विवाह शिवनेरीचे विजयराज यांच्या कन्येशी झाला, आणि गरोदर जिजाबाईंना त्या व्याह्यांच्या गडावर ठेवण्यात आले. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवरायांचा जन्म झाला तो एका सोयऱ्याच्या आश्रयाने सुरक्षित केलेल्या किल्ल्यावर. एक लग्न आणि एक गड यांची ही सांगड त्या काळच्या सरदारी जीवनाचे मर्म सांगून जाते.

३

हे जीवन केवळ दख्खनचे वैशिष्ट्य नव्हते. बाराव्या शतकातील इंग्लंड आणि फ्रान्स यांच्या इतिहासात त्याचे जवळचे साम्य आढळते. १०६६ मध्ये नॉर्मन सरदारांनी इंग्लंड जिंकले, तेव्हापासून अनेक घराण्यांच्या जमिनी समुद्राच्या दोन्ही तीरांवर पसरल्या. त्यांपैकी बोमाँ घराण्याचा रॉबर्ट हा फ्रेंच राजाच्या मुलखात म्यूलाँचा काउंट होता, नॉर्मंडीत त्याच्या पिढीजात गढ्या होत्या, आणि इंग्लंडात तो लेस्टरचा अर्ल होता. १११८ मध्ये तो मरण पावला, तेव्हा त्याच्या जुळ्या मुलांत वाटणी झाली. थोरल्या वालेराँला म्यूलाँ आणि नॉर्मंडीतील वतन मिळाले. धाकट्या रॉबर्टला इंग्लंडातील जहागीर मिळाली.

पुढची कथा मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. वालेराँने आपल्या तीन बहिणींची लग्ने शेजारच्या सरदारांशी लावून एक गट बांधला आणि राजा पहिला हेन्री याच्याविरुद्ध बंड केले. ११२४ मध्ये तो पकडला गेला आणि पाच वर्षे कैदेत राहिला. पुढे स्टीफन आणि मटिल्डा यांच्यात गादीसाठी युद्ध पेटले, तेव्हा दोघे भाऊ प्रथम स्टीफनच्या बाजूला होते. ११४१ मध्ये नॉर्मंडीतील वतन वाचविण्यासाठी वालेराँ प्रतिपक्षाला मिळाला. रॉबर्ट इंग्लंडात स्टीफनच्या पक्षातच राहिला. दोघे दोन छावण्यांत असतानाही एकमेकांच्या मालमत्तेची काळजी घेत होते. रॉबर्ट पुढे दुसऱ्या हेन्रीचा मुख्य न्यायाधिकारी झाला. त्यांच्या निष्ठेचा विचार राजाच्या दृष्टीने केला तर दोघेही डळमळीत दिसतात. घराच्या दृष्टीने केला तर दोघेही पक्के दिसतात.

‘एक देश, एक धनी’ ही कल्पना या सरदारांच्या अंगवळणी पडलेली नव्हती. १२०४ मध्ये फ्रान्सच्या राजाने नॉर्मंडी घेतली आणि दोन तीरांवर पाय ठेवून उभे राहणे अशक्य झाले, तेव्हाच एक तीर निवडण्याची पाळी त्यांच्या वंशजांवर आली. दख्खनमध्ये ही पाळी १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडे बुडाल्यावर आली. शहाजीराजांचे सारे आयुष्य त्या आधीचे आहे. म्हणून त्यांच्या वर्तनाला नंतरच्या काळाची फुटपट्टी लावणे इतिहासाला धरून होत नाही.

४

आदिलशाहीत आल्यावर शहाजीराजांची पुणे-सुप्याची जहागीर त्यांच्याकडे राहिली, पण त्यांना स्वतः तेथे राहू दिले गेले नाही. पडलेली निजामशाही एकदा उभी करून दाखविणारा हा सरदार त्या मुलखापासून दूर असणे मोगलांना सोयीचे होते. विजापूरकरांनाही दक्षिणेच्या मोहिमांसाठी अनुभवी सेनानी हवा होता. रणदुल्लाखानाबरोबर ते कर्नाटकात उतरले. १६३८ च्या अखेरीस तिसरा केंपेगौडा याच्याकडून बंगळूर घेण्यात आले; गौडाकडे मागडीचा मुलूख राहिला. १५३७ मध्ये पहिल्या केंपेगौडाने वसविलेले हे कोटबंद पेठेचे शहर शहाजीराजांच्या नव्या जहागिरीचे ठाणे झाले. होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरे हे परगणे तिच्यात मोडत होते.

आजच्या नकाशावर ही जहागीर समजून घेण्यास एक रस्ता उपयोगी पडतो. पुण्याहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, शिरे, तुमकूर असा येत बंगळुरात शिरतो तो पीण्या औद्योगिक क्षेत्रातून. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात उभ्या राहिलेल्या या वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग, साचे, विजेची उपकरणे आणि तयार कपडे बनविणारे हजारो लहानमोठे कारखाने आहेत. रोजगारासाठी दूरदूरच्या मुलखांतून आलेली माणसे तेथे वस्ती करून आहेत. पुण्याकडून येणाऱ्या ट्रकला बंगळूरचे पहिले दर्शन घडते ते येथे. या भागात जुन्या काळाची खूण शोधणाऱ्याला ती कारखान्यांच्या रांगांत मिळणार नाही. पण तेथून काही किलोमीटरांवर, मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळापाशी, १६६९ चा एक कन्नड शिलालेख आहे. मल्लापुरच्या देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव शहाजीराजांचे पुत्र एकोजी यांनी दान दिल्याची त्यात नोंद आहे. ते गाव आज शहराच्या पोटात गडप झाले आहे. मल्लापुर या नावातून मात्र मल्लेश्वरम ही वस्ती ओळखीची राहिली. ज्या रस्त्याच्या एका टोकास पुणे आणि दुसऱ्या टोकास बंगळूर आहे, त्या दोन्ही टोकांना एकाच घराचे पुत्र दानपत्रे देत होते, ही गोष्ट त्या एका शिळेने ध्यानात येते.

बंगळूरच्या दरबाराचे चित्र जयराम पिंड्ये यांच्या चंपूत उमटले आहे. कवी जयराम शहाजीराजांच्या भेटीस आला, तेव्हा त्याने त्यांच्यापुढे बारा नारळ ठेवले. त्याचा अर्थ विचारला असता, आपण बारा भाषांत काव्य करतो, असे त्याने सांगितले. ग्रंथाच्या उत्तरभागात या अनेक भाषांतील रचना, दरबारात घातल्या गेलेल्या समस्या आणि त्यांच्या पूर्ती यांची रेलचेल आहे. एका हिंदी कवनात तर पृथ्वीच्या रक्षणाची वाटणीच करून टाकली आहे: उत्तरेला शहाजहान, दक्षिणेला शहाजी. राजकवीच्या स्तुतीत अतिशयोक्ती असायचीच. परंतु एका सरदाराची तुलना मोगल पातशहाशी करावी असे कवीला वाटले आणि ती त्या दरबारात रुचली, यातून त्या दरबाराची स्वतःविषयीची कल्पना प्रकट होते. कागदोपत्री विजापूरचा चाकर असलेला माणूस बंगळुरात राजा म्हणून वावरत होता.

याच दरबारात घराची वाटणी झाली. जिजाबाई आणि बाल शिवाजी काही काळ बंगळुरास येऊन राहिले होते. त्यानंतर शहाजीराजांनी शिवरायांना पुण्याच्या जहागिरीवर पाठविले. ‘शिवभारता’त या पाठवणीचे वर्णन मोठ्या थाटाचे आहे: बरोबर हत्ती, घोडे, पायदळ, अमात्य, अध्यापक आणि ध्वज दिला होता. पुण्याचा कारभार दादोजी कोंडदेव यांच्याकडे होता. १६४७ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत तो त्यांनी चालविला. सुपे परगणा संभाजी मोहिते यांच्याकडे होता. शहाजीराजांच्या दुसऱ्या पत्नी तुकाबाई या याच मोहित्यांच्या घरच्या. एकोजी हे त्यांचे पुत्र.

पतीने टाकलेली पत्नी आणि सवतीचा संसार, या रूपात ही वाटणी लोकमानसात रुजली आहे. ते चित्र पुरेसे नाही. जिजाबाईंचा थोरला पुत्र संभाजी हा पित्याजवळ बंगळुरातच राहिला; धाकटा पुण्यास गेला. म्हणजे वाटणी सवतींच्या मुलांत झालेली नाही, ती दोन मुलखांत झालेली आहे. जुने वतन हातचे जाऊ द्यायचे नाही आणि नवी जहागीर सोडायची नाही, तर प्रत्येक टोकाला घरचे विश्वासू माणूस हवे. पुण्यासारख्या, काही वर्षांपूर्वी आदिलशाही फौजांनी बेचिराख केलेल्या मुलखात पाठविण्यासाठी शहाजीराजांनी जिजाबाईंची निवड केली, यात उपेक्षेपेक्षा भरवसा अधिक दिसतो. या भरवशात त्यांच्या एकाकीपणाची किंमत होती, हेही तितकेच खरे. घर टिकविण्याच्या धोरणात स्त्रियांच्या वाट्याला आलेला हा हिशेब बखरींत मांडलेला नाही.

शिवरायांच्या संस्कृत मुद्रेत या घराची एक खूण कायमची राहिली आहे. प्रतिपदेच्या चंद्राप्रमाणे वाढत जाणारी ही मुद्रा कोणाची, तर शाहपुत्र शिवाची. नव्या राज्याच्या पहिल्या चिन्हातही पुत्राने स्वतःची ओळख पित्याच्या नावाने दिली.

५

या व्यवस्थेची परीक्षा १६४८ मध्ये झाली. पुण्याकडे शिवराय किल्ले घेत होते आणि त्याची झळ कर्नाटकात पित्याला लागली. २५ जुलै १६४८ रोजी जिंजीच्या वेढ्यात मुस्तफाखानाच्या हुकुमाने शहाजीराजांना कैद करण्यात आले. हे काम ज्यांच्या हातून झाले ते मुधोळचे बाजी घोरपडे. भोसल्यांचे भाऊबंद समजले जाणारे हे घराणे.

विजापुराहून दोन फौजा निघाल्या. पुण्याकडे फत्तेखान गेला. त्याला शिवरायांनी पुरंदराच्या लढाईत परतविले. बंगळुरावर फर्रादखान चालून गेला. तेथे संभाजीराजांनी ठाणे लढविले. शेकडो मैलांच्या अंतरावर दोन सख्खे भाऊ एकाच वेळी लढत होते आणि त्यांच्यामध्ये बाप कैदेत होता. शिवरायांनी शहाजहानचा पुत्र मुरादबक्ष याच्याशीही पत्रव्यवहार केला. अखेर १६ मे १६४९ रोजी सुटका झाली. तिची किंमत म्हणून शिवरायांकडून कोंढाणा, तर संभाजीराजांकडून बंगळूर आणि कंदर्पी अशी ठाणी सोडली गेली. कोंढाणा द्यावा की न द्यावा यावर शिवराय आणि सोनोपंत डबीर यांचा झालेला संवाद परमानंदांनी रंगविला आहे. त्यात राज्य आणि पिता यांतले काय आधी, हाच प्रश्न गाभ्याशी आहे. शेवटी गड गेला आणि पिता सुटला. सोडलेली ठाणी पुढे पुन्हा मिळाली; बंगळूरही घराण्याकडे परत आले.

पण त्यानंतर एक हानी भरून न येणारी झाली. १६५४-५५ च्या सुमारास कनकगिरीच्या लढाईत संभाजीराजे मारले गेले. अफजलखानाने वेळेवर कुमक केली नाही, असा दोष परंपरेने त्याच्या माथी ठेवला आहे. पुण्याशी रक्ताचे सर्वांत जवळचे नाते असलेला बंगळूरचा वारस असा गेला, आणि दोन टोकांना जोडणारा सांधा निखळला. या पुत्राकडे मराठी इतिहासाचे फारसे लक्ष गेलेले नाही. परंतु तो जगता तर पुढे १६७७ मध्ये दोन सावत्र भाऊ समोरासमोर उभे ठाकले, तसे ठाकण्याचा प्रसंग आला नसता, असे मानण्यास जागा आहे.

या काळात विजापूर दरबाराशी शहाजीराजांचा जो पत्रव्यवहार झाला त्यात त्यांचा स्वभाव दिसतो. आपल्या जहागिरीच्या बाबतीत अन्याय होत असल्याची तक्रार करताना, आपण राजपूत आहोत, आजवर अनेक पातशाह्यांत सेवा केली पण अपमान सोसून कोठेही राहिलो नाही, असे ते बजावतात. चाकरी बदलण्याचा जो इतिहास आज त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडला जातो, तोच ते अभिमानाने पुढे करीत आहेत. निष्ठा ही त्यांच्या लेखी एकतर्फी नव्हती. धन्याने मान राखला तर चाकराने सेवा करायची. बाराव्या शतकातील वालेराँनेही आपल्या राजाला याहून वेगळे काही सांगितले नसते.

२३ जानेवारी १६६४ रोजी चन्नगिरीजवळ होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजांचा अंत झाला. त्यांची साधी समाधी तेथे आहे. जिजाबाई सती जाण्यास निघाल्या आणि शिवरायांनी त्यांना विनवून परावृत्त केले, असे बखर सांगते. जिजाबाई पुढे दहा वर्षे जगल्या; राज्याभिषेकाचा सोहळा पाहून १७ जून १६७४ रोजी पाचाड येथे त्यांचा मृत्यू झाला. त्याच १६६४ सालात शिवरायांनी मुधोळवर चालून जाऊन बाजी घोरपडे यांना ठार केले. पित्याच्या कैदेचा हिशेब पुत्राने सोळा वर्षे मनात ठेवला होता.

६

शहाजीराजांच्या मृत्यूनंतर कर्नाटकातील सारी जहागीर एकोजीराजांकडे गेली. १६७५ मध्ये विजापूरकरांच्या वतीने दक्षिणेस गेलेल्या एकोजींनी तंजावर घेतले आणि ते तेथेच राजे झाले. दोन वर्षांनी शिवछत्रपती दक्षिण दिग्विजयास निघाले. जुलै १६७७ मध्ये कोळ्ळिडम नदीच्या उत्तरेस तिरुवाडी येथे दोन भावांची भेट झाली.

या भेटीतील मागणी विचार करण्याजोगी आहे. तीन वर्षांपूर्वी छत्र धारण केलेला राजा भावाकडे गेला तो सार्वभौम म्हणून खंडणी मागण्यास नव्हे, तर वडिलार्जित दौलतीचा अर्धा वाटा मागण्यास. वडील जाऊन तेरा वर्षे झाली, इतकी वर्षे सर्व तुम्हीच उपभोगले, आता आमचा हिस्सा द्या, असा हा युक्तिवाद होता. एकोजींची बाजूही निराधार नव्हती: आपण विजापूरचे चाकर, जहागीर पातशहाची, आणि तंजावर आपण स्वतःच्या बळावर मिळविलेले. एकजण वतनाची भाषा बोलत होता, दुसरा जहागिरीची. शहाजीराजांनी आयुष्यभर या दोन भाषा एकाच वेळी बोलून घर एकत्र राखले होते. त्यांच्या पश्चात त्या वेगळ्या झाल्या.

एकोजी रातोरात नदी ओलांडून तंजावरास निघून गेले. शहाजीराजांचे आणखी एक पुत्र संताजी शिवरायांना मिळाले. ज्या रघुनाथ नारायण हणमंते यांनी आधी एकोजींचा कारभार पाहिला होता, तेही शिवरायांकडे आलेले होते. परतीच्या वाटेवर कोलार, होसकोटे, बंगळूर, शिरे हा पित्याचा मुलूख शिवरायांनी आपल्या ताब्यात घेतला. मागे संताजी आणि एकोजी यांच्या फौजांत लढाई झाली, आणि अखेर एकोजींच्या पत्नी दीपाबाई यांच्या मध्यस्थीने तह झाला. या तहात बंगळूर, होसकोटे आणि शिरे हे परगणे शिवरायांनी दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिले, असे बखरकार सांगतात. तलवारीने घेतलेला मुलूख भावजयीला आहेर म्हणून परत करण्याची ही युक्ती पूर्णपणे मराठी घरातली आहे. त्यात जिंकणाऱ्याचा मान राहिला, हरणाऱ्याची लाज राखली गेली, आणि सर्वांत मुख्य म्हणजे वाटणीचे भांडण नात्याच्या भाषेत मिटले.

याच १६७७ साली शिवरायांनी बाजी घोरपडे यांचे पुत्र मालोजी यांना पत्र लिहून, वडिलांच्या पिढीतील वैर विसरून मराठ्यांनी एक व्हावे, असे आवाहन केले. तहानंतर एकोजी उदास होऊन विरक्तीच्या गोष्टी करू लागले, तेव्हा त्यांनाही वडीलकीच्या नात्याने पत्र गेले: तीर्थरूप महाराजांनी कशा कशा प्रसंगांतून वाट काढली ते आठवा आणि पराक्रमाचे दिवस आळसात घालवू नका, असा त्याचा आशय. दोन्ही पत्रांत शहाजीराजांचे नाव आधारासाठी घेतले आहे. ज्यांनी स्वतः कधी सिंहासन केले नाही, ते मृत्यूनंतर सिंहासनाधीश पुत्राचा नैतिक आधार झाले.

बंगळूर फार काळ घराण्याकडे राहिले नाही. १६८७ मध्ये मोगल सेनापती कासीमखानाने ते घेतले आणि लवकरच ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयारांकडे गेले. त्यासाठी तीन लाख रुपयांचा व्यवहार झाल्याचे सांगितले जाते. पित्याने दोन मुलखांत उभारलेल्या पुलाचा मधला खांब गेला. उत्तरेकडील भोसले आणि दक्षिणेकडील भोसले येथून पुढे दोन वेगळे इतिहास जगले.

७

तरीही धागा पूर्णपणे तुटला नाही. एकोजींच्या पुत्राचे नाव आजोबांवरून शहाजी ठेवले गेले. १६८४ ते १७१२ या काळात तंजावरात राज्य करणाऱ्या या राजाने मराठी आणि तेलुगू भाषांत नाटके रचली. त्याच्या ‘पंचभाषाविलास’ या नाटकात पाच भाषा एका रंगभूमीवर नांदतात. बंगळूरच्या दरबारात जयरामाने ठेवलेल्या बारा नारळांचा वारसा कावेरीच्या तीरावर असा रुजला. पुढे १८०३ मध्ये दुसऱ्या सरफोजींनी बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले. राज्य जाण्याच्या काळात त्या राजाने दगडावर कोरण्यासाठी निवडली ती घराची कथा. १८५५ मध्ये ते संस्थानही खालसा झाले. कोरलेले घर तेवढे उरले.

मराठी इतिहासाची सीमा महाराष्ट्राच्या सीमेशी संपते, असे मानण्याच्या सवयीमुळे या घराचा अर्धा भाग अंधारात राहिला आहे. होदिगेरेची समाधी, मल्लेश्वरमचा शिलालेख आणि तंजावरची भिंत या तीन ठिकाणी ज्याच्या खुणा आहेत, तो माणूस केवळ शिवनेरी आणि पुणे येथून पाहिला तर अपुराच दिसणार. शहाजीराजांना स्वराज्याचे द्रष्टे ठरविण्याची आवश्यकता नाही, आणि संधिसाधू ठरविण्याचे तर कारणच नाही. ज्या काळात पातशाह्या पत्त्यांच्या बंगल्याप्रमाणे कोसळत होत्या, त्या काळात त्यांनी एक घर उभे ठेवले. त्या घराच्या एका दालनातून स्वतंत्र राज्य निघाले आणि दुसऱ्या दालनातून पावणेदोनशे वर्षे टिकलेली एक संस्कृती. पहिल्या दालनाचा अभिमान आपण बाळगतोच. दुसऱ्या दालनाचा दरवाजा उघडला, म्हणजे मगच त्या घराच्या धन्याचे मोठेपण पुरते दृष्टीस पडते.